जागेचा दाखला

आपल्याकडे मोटार घ्यावयाची म्हणजे आधी पैशांची जुळवाजुळव, मग मुहूर्त, मग नारळ आणि पेढे. ती उभी कोठे करावयाची हा प्रश्न मोटार दारात आल्यावर सुचतो, आणि त्याचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या फाटकासमोर सापडते. पुण्यास आमच्या मामंजींनी १९९४ साली मारुती ८०० घेतली, तेव्हा असेच झाले. वाड्याच्या दिंडीतून गाडी आत येईना. मग ती पुढली कित्येक वर्षे बोळाच्या तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरावयास लावीत उभी राहिली. तिच्या जागेबद्दल कोणी कागद मागितला नाही. जपानात हा क्रम अगदी उलटा आहे. तेथे आधी जागा दाखवावी लागते, मग मोटार मिळते. आणि जागा दाखविण्याआधी आपण कोण हेही सिद्ध करावे लागते. या दोन गोष्टी सिद्ध करिता करिता माझी जी तारांबळ झाली, ती सांगण्यासारखी आहे.

ह्यांच्या नोकरीच्या निमित्ताने २०१५ साली आम्ही हामामात्सु या शहरी आलो. टोकियो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावर, समुद्राकाठी वसलेले हे गाव. पियानो आणि मोटारी यांबद्दल ते प्रसिद्ध आहे. सुझुकी कंपनीचे मूळ ठाणे येथेच; म्हणजे बोळात उभ्या असलेल्या आमच्या त्या मारुतीचे हे आजोळच म्हणा ना! येताना सासूबाईंना शब्द दिला होता तो दोन वर्षांचा. मामंजी जाऊन तेव्हा वर्षच झाले होते. वाड्यात थोरले दीर आणि जाऊबाई होत्या, तरी धाकट्या मुलावर सासूबाईंचा जीव अधिक. दोन वर्षे सरली, तिसरे लागले, आणि दर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला झाला, "मग, केव्हा गं येताय?" त्यावर आम्ही दोघे आळीपाळीने हवापाण्याच्या गोष्टी सांगत असू.

मोटारीचा विचार आमच्या मनातही नव्हता. ह्यांची कचेरी बसने गाठता येई आणि मला सायकल होती. परंतु हिवाळ्यात त्या प्रांती डोंगरावरून एक कोरडा वारा सुटतो. तेथील लोक त्याला 'काराक्काझे' म्हणतात, आणि तो सुटला म्हणजे वाळत घातलेली चादर दुसऱ्या गल्लीत जाऊन शोधावी लागते. मुलीला दम्याची तक्रार. आठवड्यातून एकदा तरी दवाखाना. २०१८ च्या जानेवारीत एके दिवशी तिला मागच्या बैठकीवर बसवून निघाले असता वाऱ्याचा असा झोत आला की सायकल, मी आणि ती पाच वर्षांची पोर, तिघीही रस्त्याच्या कडेला आडव्या झालो. पोरीच्या डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून निभावले. शेजारच्या शेतात कांद्याच्या वाफ्यांत एक म्हातारी वाकून काम करीत होती. ती धावत आली, तिने मुलीला उचलून आपल्या एप्रनने तिचे गुडघे पुसले, आणि मला जे काही सुनावले त्यातील मला चौथा हिस्साही कळला नाही. पण स्वर सासूबाईंचाच होता.

त्या रात्री ह्यांनी मोटारीची गोष्ट काढली. हे महिन्यातून दहा दिवस परगावच्या कारखान्यांवर. तेव्हा चालविणार मी, आणि म्हणून मोटारही माझ्याच नावावर असावी, असे ठरले.

परवान्याची हकीकत थोडक्यात सांगते. काही देशांच्या परवान्यांना तेथे परीक्षेवाचून मान्यता मिळते, त्यांत आपला देश नाही. आपल्या परवान्याचे अधिकृत भाषांतर करून घ्यावयाचे, परवाना मिळाल्यावर निदान तीन महिने स्वदेशी राहिलो होतो हे पारपत्रावरून दाखवावयाचे, आणि मग परीक्षा द्यावयाची. लेखी परीक्षा त्या काळी दहाच प्रश्नांची होती आणि सात बरोबर आले की झाले. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती पन्नास प्रश्नांची आणि बरीच कडक झाली आहे. खरी कसोटी आवारातील चालविण्याची. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, त्यामुळे मी निर्धास्त होते आणि तेथेच फसले. पहिल्या खेपेस 'थांबा'च्या रेघेशी चाके पुरती थांबली नाहीत म्हणून नापास. दुसऱ्या खेपेस वळताना मान वळवून मागे पाहिले नाही म्हणून नापास. आरशात पाहिले होते, असे मी विनवून सांगितले. परीक्षक विनयाने म्हणाले, "आपण पाहिले असेल; पण पाहिलेले मला दिसले नाही." तिसऱ्या खेपेस मी मान इतकी वळविली की रात्री तिला तेल लावावे लागले, आणि पास झाले.

मग जुन्या मोटारींच्या दुकानी एक पांढरी, पाच दारांची गाडी पसंत केली. दुकानदाराने दोन दाखले आणावयास सांगितले. एक नोंदलेल्या शिक्क्याचा, दुसरा मोटार ठेवण्याच्या जागेचा. तेथे अगदी लहान इंजिनाच्या, पिवळ्या पाटीच्या गाड्या मिळतात, त्यांना शिक्क्याच्या दाखल्याची जरुरी नसते. आमची त्याहून एक पायरी मोठी, म्हणून हे सारे सोपस्कार.

जपानात महत्त्वाच्या कागदावर सहीऐवजी शिक्का उमटवितात, आणि तो शिक्का आपलाच आहे अशी नोंद नगरपालिकेच्या कचेरीत करून ठेवतात. परदेशी मनुष्यालाही ती करता येते. आठ मिलिमीटरहून लहान किंवा पंचवीसांहून मोठा चालत नाही, आणि एका घरातील दोघांना एकच शिक्का नोंदविता येत नाही. ह्यांनी आडनावाचा शिक्का पूर्वीच नोंदविला होता. माझ्यासाठी निराळा करणे भाग होते.

येथे माझ्या नावाची थोडी कुंडली मांडली पाहिजे. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने ह्यांनी जे नाव लिहिले, ते सासूबाईंनी निवडलेले. वाड्यात मला त्याच नावाने हाक मारतात. पण राजपत्रात छापून नाव बदलण्याची खटपट राहून गेली, त्यामुळे पारपत्रावर माझे नाव माहेरचे, मग ह्यांचे, आणि आडनाव सासरचे. जपानी दप्तरात आडनाव आधी येते आणि ह्यांचे नाव अगदी शेवटी. परिणाम असा की दवाखान्यातील परिचारिका शेवटचा शब्द हेच माझे नाव समजून त्यापुढे 'सान' लावून पुकारा करी. जे नाव घेण्यासाठी माझ्या आजीला उखाण्याचा आडोसा करावा लागे, ते भरल्या दवाखान्यात माझ्याच अंगावर येई, आणि "होय, मीच ती," म्हणून मी उठून उभी राही!

शिक्के कोरणारा वृद्ध गृहस्थ होता. त्याने शिंगाचे आणि लाकडाचे नमुने पुढे ठेविले. मी लाकडाचा पसंत केला. "कोणते नाव कोरू?" त्याने विचारले. मी घुटमळते आहे असे पाहून तोच म्हणाला, "आमच्याकडे पुष्कळ स्त्रिया आडनाव न कोरता नुसते नाव कोरतात. लग्नाने आडनाव बदलते. नाव काही बदलत नाही."

मी काहीच बोलले नाही. ताम्हणातले तांदूळ त्याला कोणत्या भाषेत समजावून सांगणार? आणि निवड तरी माझ्या हाती कोठे होती? रहिवासाच्या दप्तरात जे नाव असेल तेच शिक्क्यावर चालते. सासूबाईंनी ठेविलेले नाव त्या दप्तरात नव्हतेच. तेव्हा माहेरचे नाव, जपानी लिपीत, कोरून आले. त्यांच्या लिपीत 'ल' नाही, म्हणून माझ्या नावातला 'ल' 'र' होऊन बसला. तरीही लाल शाईत बुडवून तो पहिल्यांदा कागदावर उमटविला, तेव्हा खरे सांगावयाचे तर मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच थोडी लाजही वाटली. रविवारी सासूबाईंनी विचारले, "शिक्क्यावर काय कोरलंस गं?" मी म्हटले, "नाव." एवढ्यावरच वेळ निभावून नेली.

आता जागा. १९६२ सालापासून तेथे असा कायदा आहे की मोटारीच्या धन्याने रस्त्याबाहेर तिची कायमची जागा दाखविली पाहिजे. ती राहत्या घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरांच्या आत असली पाहिजे. आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचे संमतिपत्र जोडले पाहिजे. हे सर्व पोलिसांच्या ठाण्यावर द्यावयाचे. शहरातील रस्ते इतके मोकळे कसे, याचे मला पडलेले कोडे त्या दिवशी सुटले.

आमच्या इमारतीला मोटारीची जागा नव्हती. जवळच एक मोकळे आवार होते, रेघा आखलेले आणि निम्मे रिकामे. दलालाने मालकाला फोन केला, बराच वेळ 'होय, होय' म्हटले, मग आमच्यापुढे कमरेत वाकून सांगितले की मालक परदेशी माणसांना जागा देत नाहीत. हे संतापले. मला राग आला, पण तो पुरता चढेना. आमच्याच वाड्यात, माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यावयाच्या असता, मामंजींनी एका सुशिक्षित, सालस कुटुंबाला केवळ आडनाव ऐकून 'खोल्या दिल्या गेल्या' असे सांगितलेले मी ऐकले होते. त्या वेळी मी चहाचे कप आणून ठेवीत होते. मी काही बोलले नव्हते, आणि ते कुटुंब जिना उतरून गेल्यावर कपही मीच उचलले होते. दलालाच्या दुकानातून बाहेर पडताना मला त्या बाईंचा जिना उतरतानाचा चेहरा आठवला. तो मी त्या दिवशी नीट पाहिला नव्हता असे मला वाटत होते. पण पाहिला होता.

पुढे दोन दिवसांनी मी गल्लीतून जागांच्या पाट्या वाचीत हिंडत होते, तेव्हा कांद्याच्या वाफ्यातल्या त्या आजींनी मला हटकले. माझ्या मोडक्या भाषेत मी सांगितले. त्यांनी हातातले खुरपे टाकिले आणि मला शेताच्या कडेला नेले. तेथे एका झाडाखाली खडी पसरलेला चौकोन होता. त्यांच्या यजमानांचा छोटा मालट्रक तेथे उभा असे. ते वारल्यावर ट्रक विकला आणि जागा तशीच राहिली. झाडाला जपानीत 'काकी' म्हणतात. आपल्याकडील टेंभुर्णीच्या कुळातले, पण फळ टोमॅटोएवढे आणि केशरी. आमच्या मुलीला 'काकीच्या झाडाखाली मोटार' हे वाक्य इतके आवडले की पुण्यातल्या तिच्या काकूला, म्हणजे आमच्या जाऊबाईंना, ते फोनवर सात वेळा ऐकावे लागले. भाडे ठरले दरमहा ३,००० येन.

संमतिपत्र घेऊन आम्ही दोघे आजींच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून पत्ता लिहिला, नाव लिहिले, शिक्का काढून ठेविला. मग एका ओळीशी त्यांचे पेन थांबले. जागा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरणार, अशी ती ओळ. आजींनी मान वर करून विचारले, "इत्सु मादे?" म्हणजे, कोठवर?

सासूबाई विचारीत 'केव्हा येताय', आणि या विचारीत होत्या 'केव्हापर्यंत राहताय'. प्रश्न एकच. तीन वर्षे आम्ही तो दर रविवारी हवापाण्यावर ढकलीत आलो होतो. येथे मात्र सरकारी कागदावर ओळ आखलेली होती आणि ती रिकामी ठेविता येत नव्हती. आमच्या रहिवासाच्या परवान्याची मुदत चौदा महिने उरली होती. मुलीची शाळा पुढल्या एप्रिलात सुरू होणार होती. ह्यांना तेथील काम आवडत होते हे मला ठाऊक होते. मलाही ते गाव आवडू लागले होते, हे त्यांना ठाऊक होते की नाही, मला ठाऊक नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे मराठीत हळूच म्हणाले, "मोटार तुझी, जागा तुझी, तूच सांग." हा चांगुलपणा होता की सुटका, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. मी म्हटले, "तीन वर्षे." आजींनी तसे लिहिले, शिक्का उमटविला, आणि चहा आणावयास उठल्या. येताना वाटेत आम्ही दोघे काहीच बोललो नाही.

अर्जासोबत दोन नकाशे जोडावे लागतात. एकात घर आणि जागा यांमधील अंतर, दुसऱ्यात जागेची लांबी, रुंदी आणि लगतच्या रस्त्याची रुंदी. दुकानदार ही कामे मोबदला घेऊन करितो, पण शाळेत दिलेल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा जन्मात कधी उपयोग झाला नव्हता, म्हणून ते मीच केले. झाडाची पाने अंमळ जास्तच काढली. पोलीसठाण्यातील कारकुनाने नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हे झाड मोटारीच्या जागेत येते काय?" येत नाही, असे मी सांगितले. "मग हरकत नाही," असे म्हणून त्याने पानांसकट अर्ज घेतला. आठवड्याने दाखला मिळाला. माझ्या नावाचा, आणि त्या चौकोनाचा.

बाकीचे काम दुकानदाराने मुखत्यारपत्रावर केले. त्यावर माझा नोंदलेला शिक्का, विकणाऱ्याच्या कागदावर त्याचा. नोंदणीच्या दिवशी कचेरीत मी हौसेने बरोबर गेले. पाटीवर गावाचे नाव, एक जपानी अक्षर आणि चार आकडे असतात. 'शि' हे अक्षर तेथे पाटीवर वापरीत नाहीत, कारण त्याचा उच्चार मृत्यूसारखा; आणि ४२ किंवा ४९ ने संपणारे क्रमांक आपण होऊन देत नाहीत, त्याचेही कारण तसेच. एवढ्या पुढारलेल्या देशाची ही भीती पाहून मला फार आपलेपणा वाटला. मागील पाटीच्या डाव्या स्क्रूवर कारकुनाने धातूची लहानशी टोपी दाबून बसविली. ही सरकारी मोहोर. तिला हात लावावयाचा नाही. ते झाल्यावर मी माझी मोटार चालवीत काकीच्या झाडाखाली आणली.

रविवारी सासूबाईंना सांगितले. पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"किती वर्षांसाठी?" त्यांनी विचारले. संमतिपत्राबद्दल मी अक्षर बोलले नव्हते.

"तीन, आई."

"म्हणजे मी पंचाहत्तर." मग जरा थांबून, "लिंबू मिळतं का तिथे? चाकाखाली ठेव. आणि सावकाश चालव."

२०१९ च्या ऑक्टोबरात त्या येऊन दीड महिना राहिल्या. शेजारच्या आजी आणि त्या दोघींची भाषा एक नव्हती, पण तुरट काकी सोलून, दोरीत ओवून, ओसरीवर टांगून वाळविण्यापुरती ती पुरली. "अंजिरासारखं लागतं, आणि दाताला चिकटत नाही," एवढा अभिप्राय सासूबाईंनी दिला. एके संध्याकाळी मी भाड्याचा कागद टेबलावर काढून ठेविला होता. मुलगी तेव्हा पहिलीत, नुकतीच ती लिपी शिकलेली. तिने लाल शिक्का मोठ्याने वाचला आणि ओरडली, "आजी, हे आईचं नाव आहे!"

सासूबाईंनी ते ऐकले. "हे तुझं माहेरचं ना?"

"होय आई. इथल्या दप्तरात तेच आहे." मी आणखी काही कारणे सांगणार होते. त्यांनी हातानेच थांबविले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझं कुणी विचारलंच नाही." आणि त्यांनी आपले माहेरचे नाव सांगितले. लग्नाला त्रेपन्न वर्षे झाली होती. ह्यांनीदेखील ते नाव तोवर ऐकले नव्हते. ते येथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे. मुलीने ते कागदाच्या तुकड्यावर जपानी अक्षरांत लिहून दिले. सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला, घडी केली आणि जपाच्या गोमुखीत ठेविला.

त्या परत गेल्या आणि पुढील वसंतात जगाच्या सरहद्दी मिटल्या. त्यांना येता येईना. आम्ही गेलो तर परत येता येईल याची शाश्वती नव्हती. अशातच २०२१ चा जून आला आणि जागेची मुदत संपली. आजी नवा कागद घेऊन स्वतः दारी आल्या, तोंडाला फडके बांधून. दाराबाहेर उभे राहूनच त्यांनी ती ओळ बोटाने दाखविली. हे परगावी होते. या खेपेस मी कोणाकडे पाहिले नाही.

रात्री पुण्यास फोन केला. सासूबाईंनी विचारण्यापूर्वी मीच सांगितले, "आई, जागेचा कागद पुन्हा केला. पाच वर्षांचा."

पलीकडे पुन्हा तोच पंखा. मग त्या म्हणाल्या, "काकीला फुलं आली का गं या वर्षी?"

"आलीत," मी म्हटले. "लहान, पिवळट. मोटारीच्या टपावर सगळा सडा पडलाय."